बैलांच्या नावाच्या पावत्या

आमच्या महिला मंडळाला सगळ्यांत मोठी देणगी ढवळ्याने दिली होती. त्याच्या खालोखाल पवळ्या, मग सर्जा, मग कुणाची तरी मोरी म्हैस. केजच्या ऑडिटरसाहेबांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि मला विचारलं, "बाई, हे देणगीदार राहतात कुठं?"

"गोठ्यात," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

आदल्या वर्षी संक्रांतीनंतर मंडळाने गावच्या माळावर जनावरांची छावणी चालवली होती. लोकांनी पैसे नाही दिले, कडबा दिला. ज्याच्या वळईत चार पेंढ्या शिल्लक होत्या त्याने दोन आणून टाकल्या. अध्यक्षबाई स्वतः दारात बसून पावत्या फाडायच्या. मी तेव्हा मंडळात नव्हते. पुढे सचिव झाले ते केवळ बारावी कॉमर्स म्हणून, आणि वर्षाचा जमाखर्च माझ्या गळ्यात पडला. खरं सांगते, मला तो पडलेला आवडला. आकडे जुळायला लागले की मला जेवणसुद्धा सुचत नाही.

पण त्या वर्षीच्या हिशेबात नुसते आकडे नव्हते. पाऊस पुन्हा दगा देऊन गेला होता. सहकारी साखर कारखान्याने ठराव केला होता की ज्या संस्थेचा मागचा हिशेब ऑडिटरच्या सहीने येईल, तिच्या छावणीला चाऱ्यासाठी उसाचं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, उधारीवर मिळेल. सही नाही तर वाढं नाही, आणि वाढं नाही तर छावणी नाही. इकडे आमच्या घरात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, निक्षून सांगितलं होतं, "येत्या बाजारापतुर छावणी उघडली तर ठीक. न्हाईतर मी लालीला इकनार. उपाशी मारून पाप कोन घेईल?"

लाली आमची लाल कंधारी गाय, सहा महिन्यांची गाभण. आत्याबाईंनी तिला वासरू असल्यापासून स्वतःच्या हाताने वाढवलेलं. बाजार तीन दिवसांवर आला होता.

तर ऑडिटरसाहेब. "कडबा देणगी म्हणून दाखवायला माझी हरकत नाही," ते म्हणाले, "पण देणारा माणूस पाहिजे. बैलाची देणगी मी कशी मंजूर करू?" आणि त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. मला असा राग आला! त्यांचा नाही, अध्यक्षबाईंचा. जीपमध्ये दाटीवाटीने बसून गावात आले ती थेट त्यांच्या ओट्यावर.

"तुमी बैलांच्या नावानं का म्हून पावत्या फाडल्या?"

त्या ज्वारी पाखडत होत्या. हात थांबला नाही. "मग काय करू? कडबा घेऊन यायच्या समद्या बाया. नाव इचारलं की पदर तोंडात. नवऱ्याचं नाव कोन घेईल? म्हनलं, तुजं सांग. तर म्हनायच्या, माजं कशाला, कडबा का माजा हाय? आता येकेकीचा उखाना ऐकत बसले असते तर जनावरं मेली असती. म्हनलं, बैलाचं तरी नाव सांग. ते समद्यांनी सांगितलं."

राग कुठल्या कुठे गेला. मला हसू फुटलं, ते थांबेना. मी बारावी झालेली, पण मी तरी नवऱ्याचं नाव कुठे घेते? आमच्याकडे अजून 'हे' आणि 'ते'च चालतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने पुन्हा केज. जिना चढताना दम लागला होता, तशीच बोलत सुटले. ऑडिटरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मालक कोण ते राहू द्या. प्रत्यक्ष आणून कुणी दिलं?"

"बायकांनी."

"मग बायकांची नावं घेऊन या. पावतीसमोर नाव, सही नाहीतर अंगठा. उद्या दुपारपर्यंत."

मला त्यांच्या टेबलावर हात आपटून ओरडावंसं वाटलं. एवढं सोपं! आणि एवढं सोपं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

दुपारी पारावर सतरंजी टाकली आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला, "ज्या बायांनी कडबा दिला त्यांनी बैलाची पावती घेऊन यावं." आल्या की! कुणी पावती कुंकवाच्या डबीत जपलेली, कुणी देवामागे खोचलेली. दोन ढवळ्यांचं थोडं भांडण झालं, पण ते पावतीवरच्या पेंढ्यांच्या आकड्यावरून मिटलं. अध्यक्षबाई बैलाचं नाव पुकारायच्या आणि गर्दीतून एक बाई उठायची. "नाव?" मी विचारायचे. पहिलीने इकडे तिकडे पाहिलं, जणू कुणी दुसरीलाच विचारलंय. मग सांगितलं. दुसरीने जरा मोठ्याने. नंतर नंतर तर माझ्या हाताला उसंत नव्हती, इतक्या भराभर नावं येत होती, आणि मला वाटत होतं की हे संपूच नये.

एका बाईचा नवरा तरातरा पुढे आला. "कडबा माज्या रानातला अन् नाव हिचं?"

"माळापतुर डोस्क्यावर कुनी नेला? तुमी का?" बाई म्हणाली. सगळा पार हसला. तो बिचारा तंबाखू मळत मागे सरकला.

शेवटी एकच पावती उरली, लालीची. आत्याबाई पाराच्या कडेला पाठ करून बसल्या होत्या.

"या की, आत्याबाई."

"माजं कशाला? गाय तर चाललीय बाजारला."

"तुमचं नाव नाही लागलं तर नक्कीच चालली," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. सुनेने सासूवर असा आवाज चढवायचा नसतो, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या, माझ्या कानाला तोंड लावलं आणि आपलं नाव इतक्या हळू सांगितलं की शेजारच्या अध्यक्षबाईंनाही ऐकू गेलं नाही. मी ते लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला आणि पदराला शाई पुसली.

दुसऱ्या दिवशी सही झाली. जमाखर्चावर शिक्का पडतानाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. तिथून कारखाना, तिथे तासभर बाकड्यावर, आणि मग वाढ्याने भरलेल्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसून मी गावात आले! केसांत पाचट, तोंडावर धूळ. माळावर माणसं जनावरं घेऊन आधीच उभी होती. उद्या बाजार होता, आणि गावातलं एकही दावं बाजारच्या वाटेला लागणार नव्हतं.

मी तशीच टेबलाशी बसले आणि जनावरं नोंदवायला लागले. जनावराचं नाव, मालकाचं नाव. बऱ्याच वेळाने समोर लाली आली. तिच्या गळ्यावर हात ठेवून आत्याबाई, मागे दावं धरून मामंजी.

गाय मामंजींच्या नावावर. घर, रान, सगळंच त्यांच्या नावावर. मी न विचारताच त्यांचं नाव लिहायला घेतलं.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. आणि आदल्या दिवशी माझ्या कानात कुजबुजलेलं ते नाव त्यांनी सगळ्या माळाला ऐकू जाईल असं खणखणीत सांगितलं.

माझं पेन हवेतच राहिलं. मी मामंजींकडे पाहिलं. ते लालीकडे पाहत होते.

"लिव की, सूनबाई," ते म्हणाले. "गाय उपाशी हाय."