हात हुंगले त्याची गोष्ट

"हाथ आगे कर."

नाश्त्याची वेळ होती. हॉटेलचा हॉल पाहुण्यांनी भरलेला, मी तिथे वाढायला, आणि काचेपलीकडे आमचा उत्तनचा समुद्र. एका बाईंनी नाकाला रुमाल लावून तक्रार केली होती, हिच्या हाताला मासळीची बास येते. म्हणून मॅनेजरने मला हॉलच्या मधोमध उभं केलं. मी हात पुढे केले. तो वाकला आणि सगळ्यांदेखत माझे हात हुंगले. आधी उजवा, मग डावा.

"हां, यहीच है," म्हणाला. बाईंना सॉरी म्हणाला.

दोन-तीन टेबलांवर लोक हसले. मीही हसले. आजही त्या हसण्याची मला चीड येते.

त्या दिवसापासून मला प्लास्टिकचे हातमोजे. एकटीला. बाकीची पोरं उघड्या हातांनी वाढायची. दुपारी तेच पाहुणे बोंबील फ्राय मागवायचे आणि बोटं चाटूनपुसून खायचे. तेव्हा कुणाला बास येत नव्हती.

वास होता, खोटं कशाला बोलू? कामाला जायच्या आधी मी आयबरोबर किनाऱ्यावर बोंबील वाळत लावायची. आमचा बांबूंचा मांडव हॉटेलच्या खालीच, वाळूवर. बोंबील एकेकटा टांगता येत नाही. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. दात बारीक असतात. बोटं सोलतात, खारं पाणी झोंबतं. आयची बोटं तर आता खरखरीत दोरासारखी झालीत. त्याच हातांनी ती रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते, तेच जोडते. लपवत नाही. लपवायला मी शिकले. बसमध्ये मुठी मिटून बसायची. मला बोंबलांतून सुटायचं होतं, बारावी केली ती त्यासाठीच.

मग एका लग्नाच्या जोडप्याचं शूटिंग ठरलं. आमच्याच किनाऱ्यावर, मावळतीच्या उन्हात. फोटोवाल्याला मांडव नको होता. "फ्रेममध्ये घाण येतेय," म्हणाला. मॅनेजर मला घेऊन खाली आला. मांडव भरलेला होता. सकाळीच लावलेली ओली मासळी. ओले बोंबील काढून ढीग केला, की संपलं. संध्याकाळपर्यंत पाणी सुटतं, सकाळी फेकायचे. आमचं घर त्या मांडवावर टांगलेलं होतं.

मी त्याला सांगितलं, "सर, आज नाय काढता येणार. सगळा माल सडेल."

"अरे, दोन तासांचा तर प्रश्न आहे. नंतर परत लटकवा." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तूच काढ ना. तुझ्या हाताला तसाही वास आहेच."

आय मांडवाच्या सावलीत बसली होती. तिने सगळं ऐकलं. ती त्याच्यावर ओरडेल असं मला वाटलं, तिचं तोंड अख्ख्या गावाला माहीत आहे. पण ती माझ्याकडेच बघत राहिली.

"हातान ह्ये काय घातलंस गो?"

हातमोजे काढायचे राहून गेले होते.

"हाताला काय झालाय? जखम हाय?"

"न्हाय, आय."

"मग?"

मॅनेजरसमोर नाही, पाहुण्यांसमोर नाही, एवढी लाज मला त्या 'मग' समोर वाटली. जखम नव्हती. आजार नव्हता. ज्या हातांनी मला वाढवलं, त्या हातांचा वास माझ्या हातांना होता, आणि मी तो पिशवीत बांधून फिरत होते.

मी हातमोजे काढले. मॅनेजरच्या हातात दिले. टोपलीत उरलेले बोंबील घेतले आणि जबड्यात जबडा अडकवून लावायला बसले. त्याच्यासमोर. दोनदा बोट सोललं.

"काम पाहिजे की नको?" तो म्हणाला.

"मांडव निघणार नाय," मी म्हणाले. एवढंच जमलं. पण ओरडून जमलं. आजूबाजूच्या मांडवांवरच्या बाया हातातलं टाकून आल्या आणि आयच्या बाजूला उभ्या राहिल्या. फोटोवाल्याने सामान उचललं, पुढच्या खडकांकडे गेला.

नोकरी गेली. घरात चणचण आहे, ती मी नाकारत नाही. आता हॉटेलवाले म्हणतायत, किनारा कायमचा मोकळा करा, टुरिस्टना त्रास होतो. परवा मॅनेजरने हॉटेलातल्याच एका पोराकडून निरोप धाडला: मांडव काढायला आईला समजव, माफी माग, कामावर परत घेतो.

मी त्या पोराला म्हटलं, त्याला सांग, आम्ही सकाळपासून मांडवापाशी असतो. माफी मागायची असेल, तर त्याने खाली यावं. आणि बांबूला हात घालायचा असेल, तर आधी माझ्याशी गाठ आहे.