माझं आधार ईटमध्ये सापडलं

माझ्या नावावर सहा सिम कार्डं होती. त्यांतलं एक माझं होतं. मला एक फोन लावायचा तर आधी वाक्यं कागदावर लिहून काढावी लागतात. आणि इथं माझ्या नावानं पाच नंबरांवरून बोलणं चालू होतं!

"पप्पा, त्या नंबरांवरून कुणाला फसवलं तर पोलीस माझ्याकडे येतील."

"कशे येतील? आख्ख्या ढोकी गावाला सांगून ठिवतो की!"

आमच्याकडे म्हैस हरवली की तिचा फोटो, खुणा, सगळं गावच्या ग्रुपवर टाकतात. पप्पांनी तीच पद्धत मला लावली. माझ्या आधारचा फोटो, दोन्ही बाजूंनी, खाली मजकूर: 'सावधान! हे कार्ड चोरीला गेले आहे. कोणी वापरताना दिसल्यास कळवणे.'

"पप्पा! नंबर तरी झाकायचा!"

"झाकल्यावर लोकं वळखतील कशी?"

(बरोबरच आहे. म्हशीची शिंगं कोण झाकतं?)

ग्रुपवर अकरा जणांनी हात जोडले. एकानं 'छान फोटो' लिहिलं. (त्या फोटोत मला शिंक येऊन अडकली आहे!) मी पोस्ट काढायला लावेपर्यंत ती पुढे गेली होती. संध्याकाळी ईट गावाहून मावशीचा फोन.

"अगं, तुझं आधार घावलं! आमच्या ग्रुपवर हाय बघ!"

"बघ," पप्पा म्हणाले, "घावलं का न्हाय?"

मग मी दात आवळून आधारवरचे अंगठ्याचे ठसे लॉक केले, पासवर्ड बदलले, पाचही सिम 'माझी नाहीत' म्हणून ऑनलाइन कळवली आणि पप्पांसह पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी विचारलं, "आधार कुठंकुठं दिलं होतं?"

मी याच क्षणाची वाट बघत होते. "साहेब, आमचे पप्पा खताच्या दुकानात झेरॉक्स देतात, लॉजवर देतात, मंगल कार्यालयात तर न मागता देतात!"

"ते त्यांचं आधार झालं. तुमचं कुठं दिलं?"

मी टेबलाकडे बघितलं. "एका... ऑनलाइन फॉर्मवर. घरबसल्या नोकरीच्या."

"अनोळखी फॉर्म? शिकलेल्या दिसता की, ताई!"

"म्हणूनच भरला," पप्पा अभिमानानं म्हणाले. "समदा इंग्लिशमदी व्हता!"

"कसली नोकरी?"

वरचा पंखा नेमका तेव्हाच घरघरायचा थांबला. त्यालाही ऐकायचं असावं.

"मजकुरातल्या चुका शोधायची," मी म्हणाले. "फॉर्म दोनदा वाचला, साहेब. एकही सापडली नाही."