माळ्यावरचं एक टन पाणी

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत आठवड्यातून एक दिवस पाणी बंद. म्हणून ह्यांनी हजार लिटरची काळी टाकी आणली, शेजाऱ्याला घेऊन पोटमाळ्यावर चढवली. रिकामी होती, दोघांनी सहज उचलली. त्याच माळ्याच्या वाशाला माझ्या तान्ह्या मुलीचा झोका. हे कामावर गेले आणि सासूबाईंनी पंप लावला.

चाळीचा पाण्याचा मीटर आमच्या दाराशीच. तो बघायला पालिकेचे मीटरवाले काका आले. मी सातवीपर्यंतच शिकलेली, पण आकडे फिरताना बघायला आवडतं. विचारलं, "काका, हा शेवटचा काळा आकडा एकानं पुढे गेला म्हणजे किती पाणी?"

"हजार लिटर. एक किलोलिटर म्हणतात. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच खोका, त्यात मावेल तेवढं."

"एवढ्याशा खोक्यात हजार?"

"एवढंसं काय गं? लिटरला किलो धर. एक टन झालं!"

टन! माझी पोरगी दवाखान्याच्या काट्यावर साडेचार किलो भरलेली, आणि तिच्या डोक्यावर टन चढत होता. मी आत पळाले, पायाखाली काय आलं ते बघितलं नाही, तिला झोक्यातून ओढूनच काढली.

"आई, पंप बंद करा, आधी बंद करा!"

"का? साप निघाला?"

"टाकी पडेल! टनाची आहे ती!"

"त्या मीटरवाल्यानं येडी केली हिला," म्हणत त्यांनी बटण दाबलं आणि वर बघितलं. वासा मधोमध दोन बोटं खाली आलेला. मग त्यांनी पोरीला माझ्याकडून घेतली, छातीशी धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

पाणी फेकायला जीव होईना. टाकीला पाइप लावला, सगळ्या चाळीला हाका मारल्या. बादल्या, हंडे, पातेली, एकीनं तर कुकर आणला. सगळ्यांचं भरलं तरी पाइप वाहतोच. "अगं, समुद्र ठेवलास काय वर?" समोरची वहिनी हसली. आणि टाकी तर अर्धीच भरलेली होती! मला हसू येईना.

संध्याकाळी ह्यांनी वासा बघितला. टाकी खाली उतरवून गल्लीत जमिनीवर ठेवली. नवा वासा बसेपर्यंत पोरगी माझ्या मांडीवरच झोपली.

आता मी तिला कडेवर घेऊन मीटरपाशी उभी राहते. अंगठ्याएवढा पाइप, त्यातून पाणी येतं, आकडा हळूच सरकतो. तिला सांगते, "बघ, टन गेला. आवाजसुद्धा नाही केला."