न बुडवलेलं जहाज

आमच्या टीव्हीखालच्या डब्यात एक राजकन्या आहे. ती तळघरात कोंडलेली आहे, आणि मी तिला सोडवायला निघालो तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आता थोरली मुलगी माझ्या चपला घालून फिरते, पण राजकन्या बिचारी अजून तळघरातच. तिच्या शेजारच्या गेममधला फुटबॉलचा संघ मध्यंतरात पाणी प्यायला गेलाय, तो अजून पितोच आहे. एका डोंगरावर मी तीन तोंडांच्या राक्षसाचं एक मुंडकं उडवलंय. उरलेली दोन माझी वाट बघून कंटाळून पत्ते खेळत असणार.

यात माझा आळस नाही, दोष दर्याचा. मी चुलत्याच्या ट्रॉलरवर तांडेल आहे. म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं आणि खलाशांच्या शिव्या कुठल्या कानाने ऐकायच्या, हे ठरवणारा माणूस. एकदा निघालो की आठवडाभर घर दिसत नाही. परत येऊन रिमोट हातात घ्यावा, तर उडी कुठल्या बटणाला आणि तलवार कुठल्या, हे बोटं साफ विसरलेली. राक्षस अंगावर येतो, मी तलवार उपसायला जातो, आणि माझा वीर त्याला खाली वाकून नमस्कार करतो. मग मी नवीन गेम लावतो. नव्या गेममध्ये सगळं पहिल्यापासून शिकवतात.

हे गेम पुरवतो माझा मेव्हणा. तो न्हावा शेव्याला बंदरात कामाला आहे आणि तिथल्या दोस्तांचे खेळून झालेले गेम आमच्याकडे आणून टाकतो. त्याला आठवड्याची सुट्टी मिळते, त्यामुळे त्याचा प्रत्येक गेम सुट्टीत संपतो आणि मग शेवट सांगायला तो मला फोन करतो. "दाजी, शेवटी काय होतं माहितीये?" इथपर्यंत आला की मी फोन तोडतो. त्याचे इतके फोन मी तोडलेत की एखाद्याने नातं तोडलं असतं.

या पसाऱ्यात एक गेम जहाजाचा होता. जुन्या काळचं शिडाचं जहाज, तोफा, बेटं, खजिने. तो मला जीव की प्राण. आणि त्याचाच दुसरा भाग येणार अशी बातमी आली, तीही कधी, तर नारळीपौर्णिमेच्या सुमाराला. मी ती बातमी घरात अशी सांगितली की जणू बारसं आहे.

बायको सुकी मासळी विकते. गिऱ्हाईक काय बोलणार हे तिला त्याने पिशवी उघडायच्या आत कळतं, तर मी कुठला सुटतो?

"पहिला भाग संपला?" तिने विचारलं.

"बराचसा."

"मग दुसरा कशाला?"

"त्यात नवीन बेटं आहेत."

"अवो, तुम्हाला जुन्या बेटावरनं घरी यायला जमत न्हाय. पहिला संपवा, मग दुसरा घरात. न्हायतर हा डबा मी बाजारात सोड्यांच्या बाजूला मांडीन."

अलिबागच्या कोर्टात निकाल लागला तर माणसाला वर अपील करता येतं. हिच्या निकालावर वर कोणी नाही. तेव्हा माझ्यापुढे उरला एकच रस्ता: पावसाळ्यातली मासेमारीची बंदी. ते दोन महिने बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, ताडपत्र्या पांघरून झोपलेल्या, आणि तांडेल घरात. तेवढ्यात जहाजाचा गेम संपवायचा. राजकन्येला म्हटलं, बाई, तू एवढं थांबलीस, आणखी थोडं थांब.

पण बंदीत तांडेलाला सुट्टी असते हा गैरसमज आहे. बंदीत जाळी शिवायची असतात. आमच्या जाळ्यांना त्या वर्षी अशी भोकं होती की त्यातून देवमासा बायकामुलांसकट निघून गेला असता. शेवटी माझ्या वाटची जाळी वडिलांनी घेतली. त्यांचे गुडघे गेल्यापासून ते दर्यावर जात नाहीत. भिंतीला टेकून, मांडीवर जाळं घेऊन बसतात. "माझे डोले जाल्यावर, तुझे त्या खोक्यात," म्हणाले. म्हणाले खरं, पण बसले टीव्हीकडे तोंड करून.

पहिल्या दिवशी त्यांनी निम्मी भोकं शिवली. दुसऱ्या दिवशी मी जहाज एका खाडीत वळवत होतो, तर मागून आवाज आला, "आरं, होरी चालवतोस का म्हैस हाकतोस?"

होरी म्हणजे होडी. आमच्या वडिलांच्या तोंडी जगातलं सगळं तरंगणारं लाकूड होरीच. मग ते दोनशे तोफांचं जहाज असो.

"बाबा, गेम आहे."

"गेम असंल. वारा मागनं हाय ना? मंग शीर असं का लावलंस, धोतर वालत घातल्यावानी?"

मी शीड फिरवलं. जहाज असं सुटलं की टीव्ही हातभर पुढे सरकला. गेली कित्येक वर्षं मी ते जहाज अर्ध्या वेगाने चालवत होतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर वडिलांनी जाळं बाजूला ठेवून हात पुढे केला. त्यांनी रिमोट असा पकडला की मी तो परत मागायची हिंमत केली नाही. पण त्यांना सुकाणूची दांडी तेवढी कळायची. बाकीची बटणं त्यांच्या लेखी शर्टाला असतात तशी, नुसती शोभेला. म्हणून जहाज ते चालवायचे आणि तोफा मी उडवायचो. एका रिमोटवर चार हात. एकच खेकडा दोघांनी मिळून फोडावा तसे आम्ही खेळायचो.

बातमी पाड्यात पसरली. घरी बसलेले म्हातारे नाखवे, एकेकाळी स्वतःच्या होड्या हाकलेले, दुपारी तंबाखूच्या चंच्या घेऊन आमच्या ओटीवर जमायला लागले. पडद्यावर इंग्रजीत जे लिहून यायचं ते मी त्यांना मराठीत सांगायचो, आणि मग सभा भरायची. जहाजावर जेवण करणारा माणूस दिसत नाही, तेव्हा हे खलाशी कधी पळून जातील, यावर एक अख्खी दुपार गेली. एकाने तर खजिन्यातल्या सोन्यापेक्षा मासळीला बर्फ किती नेलाय ते आधी विचारलं. जहाजाची कधी पूजाच झाली नाही हे कळल्यावर वडिलांनी सुनेकडून हळदकुंकू मागवलं आणि टीव्हीच्या चौकटीला बोटं ओढली.

"बाबा, टीव्हीच्या हप्त्याला पण कुंकू लावा," बायको म्हणाली. पण नारळ तिनेच आणून दिला, आणि तो उंबऱ्यावर फुटला.

मग जहाजाने जो पराक्रम केला तो सांगितला तर तुम्ही मला खोटं ठरवाल, म्हणून थोडाच सांगतो. गेममधल्या वादळांनी आमच्यापुढे हात टेकले. वडील ढग बघून सांगायचे, "आता डावीकरनं येल," आणि डावीकडूनच यायचं. गेम बनवणाऱ्यांनाही जे ठाऊक नसेल ते त्या पाण्याबद्दल त्यांना ठाऊक होतं. शत्रूची जहाजं आम्हाला बघून दिशा बदलायला लागली. जुलै सरत आला तेव्हा फक्त शेवटची मोहीम उरली होती, आणि मी मेव्हण्याला निरोप धाडला होता: दुसरा भाग बाजूला काढून ठेव.

शेवटच्या मोहिमेत शत्रूच्या सगळ्या आरमाराने आम्हाला घेरलं. मधेच खेळ थांबला आणि पडद्यावर मजकूर आला. मी तो मनातल्या मनात वाचला.

"काय लिवलंय?" वडिलांनी विचारलं.

"लिहिलंय की… शाबास."

"शाबास एवरं लांब?"

जहाजाच्या पोटात तोफांच्या दारूची पिंपं होती, आणि त्यांच्यावर एक लाल खूण लुकलुकत होती. हुकूम असा होता की जहाज शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही. पिंपांना आग लावायची, आपलं जहाज आपणच बुडवायचं आणि पोहत निघायचं. तसं केलं की गेम संपला. मला सांगावं लागलं. ओटीवर कोणी तंबाखू चोळत होतं, ते चोळायचं थांबलं.

"आपलीच होरी?" एक नाखवा म्हणाला.

"हो."

"चालती होरी?"

"हो काका."

"हा गेम करनारा कुठला? घाटावरचा असंल."

मग उपाय निघाले. एकाचं म्हणणं, जहाज शत्रूला देऊन टाका. दुसऱ्याच्या हाताखाली गेली तरी होरी तरंगेल तर खरी. दुसरा म्हणाला, वाळूवर चढवा आणि ओढून ठेवा, बंदी चालू हाय, कोन बोलनार? आम्ही तेही केलं. जहाज वाळूवर घातलं, पण गेमने ते पुन्हा उचलून पाण्यात ठेवलं. वडिलांनी आरमाराच्या मधून अशी वाट काढली की मी आजही डोळे मिटून बघतो. पण पुढे धुकं आलं, आणि धुक्यातून बाहेर पडलो तर जहाज पुन्हा जिथल्या तिथे. तीन दुपारी आम्ही पळून जायचा प्रयत्न केला. गेमला दुसरा शेवटच नव्हता.

चौथ्या दुपारी मी म्हटलं, "बाबा, खोटं जहाज आहे. एक बटण दाबायचं. दाबलं की दुसरा भाग आणता येईल."

वडिलांनी रिमोट सोडला नाही. "एक होरी या हातान्नी मोरली," ते म्हणाले. "दुसरी न्हाय."

त्यांची लाकडी होडी गुडघे गेले त्या वर्षी मोडावी लागली. घेणारं कोणी नव्हतं आणि खाडीत उभी कुजत होती. तिच्या फळ्या त्यांनी स्वतः उचकटल्या, कोणाला हात लावू दिला नाही. मी टीव्ही बंद केला. एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणारी बायको भांडी घासायला उठून गेली.

आता मी काही संत नाही. दुसऱ्याच दिवशी वडिलांना डोळे तपासायला अलिबागला जायचं होतं, बायको त्यांना घेऊन गेली, मुली शाळेत. घर रिकामं. मी दार लावून घेतलं आणि टीव्ही लावला. जहाज तिथेच उभं होतं, शीड बरोबर वाऱ्याला, चौकटीवर हळदकुंकू. मी खाली पोटात गेलो. पिंपांसमोर उभा राहिलो. खाली लिहून आलं: बटण दाबून धरा. मी आयुष्यात शेकडो माणसं त्या रिमोटने मारली आहेत, गावंच्या गावं जाळली आहेत, एकदा तर अख्खा चंद्र फोडलाय. अंगठा बटणावर ठेवला. तो खाली जाईना. रिमोट दमट हवेने अडकला होता असं मी लोकांना सांगतो.

वडील परत आले ते थेट टीव्हीसमोर. डोळ्यांत थेंब घातलेले, दिसत काही नव्हतं, तरी वाकून वाकून बघितलं. जहाज तरंगत होतं, पण हात लावला तर टीव्ही गरम होता. मग वळून माझ्यासाठी आणलेला वडापाव त्यांनी स्वतःच खाल्ला, आणि "तुझं पोट भरलेलं दिसतंय" म्हणाले.

दुसरा भाग आला त्या दिवशी मेव्हण्याचा फोन आला. बायकोने मुद्दाम स्पीकर लावला, खटला सगळ्यांसमोर चालावा म्हणून.

"दाजी, आला! रविवारी घेऊन येऊ?"

"पहिला संपला न्हाय यांचा," बायको म्हणाली.

"अगं ताई, काय फरक पडतो? दुसऱ्याची सुरुवातच तिथून होते. पहिल्याच सीनला ते जहाज दर्याच्या तळाला पडलेलं दाखवलंय. काय दाखवलंय पण! शिडांमधून मासे—"

"बुरलेली दाखवतान?" वडिलांनी विचारलं.

"हो काका! मग हिरो फळीवर बसून—"

"मंग ती तुझ्याकरंच ठेव."

मी बायकोकडे बघितलं. एवढी वर्षं हिच्याशी भांडून मला एक कळतं: निकाल फिरवायचा असेल तर तिचा डावा कान हलतो. तो हलला नाही.

"ऐकलंस ना?" तिने भावाला सांगितलं. "ठेव तिकडंच." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला लईच असंल तर सुट्टीला त्याच्या घरी जाऊन खेळा. या घरात ते बुडालेलं आणायचं न्हाय."

मी पाय आपटले, जेवणावर रुसलो आणि बोंबलाचं कालवण आहे कळल्यावर उठलो. गेम संपला नाही, दुसरा भाग आला नाही. ज्या तांडेलाने दोन महिन्यांत एक गेम संपवायचा ठरवलं त्याच्या खात्यावर आता अर्धवट गेममध्ये एक पाऊण गेम जमा झाला.

बंदी उठली, नारळ सोडले, आणि आम्ही हंगामाच्या पहिल्या फेरीला निघालो. किनारा अजून दिसत होता, फोनला रेंज होती, जाळं नुकतंच पाण्यात उतरत होतं. सगळ्यांचे हात दोरावर. माझा फोन वाजला. घरून होता, म्हणून धसकून उचलला.

"पोऱ्या," वडील ओरडले, इंजिनाच्या आवाजावर ओरडायची त्यांची जुनी सवय, "नांगर कुठल्या बटनाला?"

"आत्ता?"

"आत्ता. पानी ओढतंय तिला. खडक हाय पुरं."

"चौकोन, बाबा! चौकोन दाबून धरा!"

सगळे खलाशी माझ्याकडे बघायला लागले. एकाने दोर सोडून आजूबाजूला चौकोनी काय आहे ते शोधलं.

"सोडू नका!" मी ओरडलो.

"दोर का बटन?" खलाशाने विचारलं.

"दोन्ही!"

फोनमध्ये बराच वेळ नुसता टीव्हीतल्या लाटांचा आवाज. मग वडील म्हणाले, "लागला नांगर." आणि मासळी मिळतेय का, हवा कशी आहे, काहीएक न विचारता त्यांनी फोन ठेवून दिला.