टीव्हीवरची काकडी

सातपूरच्या आमच्या कॉलनीत मी पहिल्या मजल्यावर राहतो आणि बरोब्बर माझ्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, भागीबाई राहते. बारा वर्षं मी हे वाक्य फक्त तक्रार म्हणून वापरलं.

सुरुवात १९९३च्या हिवाळ्यात झाली. मी शाळेत क्लार्क. पांढरा शर्ट ही माझी एकुलती एक ऐट. तो गॅलरीत वाळत घातलेला, आणि त्यावर वरून टपटप चिखलाचं पाणी! तणतणत वर गेलो. दार उघडलं ते कपाळावर गोंदण असलेल्या एका ठेंगण्या बाईनं. तिच्या हातात कान तुटलेला कप होता आणि कपात माती.

"तुमचं पाणी माझ्या शर्टावर पडलं," मी म्हणालो.

"माती हाय ती भाऊ, डांबर नाय," ती म्हणाली. "धुतली का जाती. आत या, च्या घ्या."

आत जायला जागा असती तर गेलोही असतो. दोन खोल्यांच्या त्या घरात माणसं दोन आणि रोपं शंभर. दुधाच्या पिशव्यांत मिरची, तेलाच्या डब्यात वांगी, पावडरच्या डब्यात झेंडू, खिडकीच्या कठड्यावर कोथिंबीर. प्रत्येक डब्याच्या बुडाला खिळा तापवून पाडलेली भोकं होती, आणि त्या भोकांतून जे गळत होतं ते थेट माझ्या शर्टावर.

भागीबाई पेठकडच्या डोंगरातली. नवरा पुंजा एका छोट्या वर्कशॉपात लेथवर कामाला. शेत सोडून शहरात आली, पण बी रुजवायची खोड काही सुटली नाही. अंगण नाही म्हणून तिनं घरातच अंगण केलं. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबरात आपणच उठत नाही तर बी काय उठणार? त्यावर तिचा उपाय म्हणजे टीव्ही. त्या वेळचे टीव्ही पेटीसारखे, वरून चांगले तापायचे. पुंजानं कारखान्यातल्या भंगार पत्र्याचा उभ्या काठाचा ट्रे बनवून दिला, म्हणजे पाणी टीव्हीत जायला नको. त्या ट्रेमध्ये कप मांडले की टीव्ही दिवसभर चालू. आवाज बंद, चित्र चालू. रात्रपाळी करून आलेला पुंजा उशीत डोकं खुपसून विचारायचा, "कोण बघतंय गं तो?"

"मिरच्या बघत्यात. झोप तू."

रोपं चार पानांची झाली की ती कॉलनीभर वाटून टाकायची. दसऱ्याला प्रत्येक दारावर जे तोरण लागायचं त्यातला झेंडू तिच्या टीव्हीवर रुजलेला असायचा. फक्त माझ्या घरी तिचं रोप नव्हतं. माझ्या घरात माती येणार नाही, असं मी जाहीर केलं होतं. माझी बायको आशा तिच्याकडून गुपचूप कोथिंबीर आणायची, हे मला फार उशिरा कळलं. खात मात्र होतो.

भागीबाईच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या भिंतीवर, भाकरीएवढा शेणाचा एक पो थापलेला असायचा. मला तो बघवत नसे. शहरात, रंगवलेल्या भिंतीवर, ओट्याच्या शेजारी शेण! पण त्यात तिचा जीव होता. शेणात आणि राखेत गावठी काकडीचं बी कालवून भिंतीला थापलं की त्याला कीड लागत नाही, ही त्यांच्याकडची रीत, पण हे मला नंतर कळलं. हातभर लांब काकडी, पावसाळ्यात डोंगरउतारावर होणारी. तिची आई चिमणाबाई दर दिवाळीला निम्मं बी आपल्या घरच्या भिंतीला लावायची आणि निम्मं लेकीला द्यायची. बी एकाच घरात ठेवायचं नाही, इकडं काही झालं तर तिकडं राहतं, असं तिचं म्हणणं.

२००५च्या उन्हाळ्यात चिमणाबाई गेली. त्या पावसाळ्यात भागीबाईनं भिंतीवरचं बी काढलंच नाही. हात होत नाही म्हणाली. दिवाळीला ती भावाकडे गेली आणि इकडे पुंजाच्या डोक्यात आलं की ती यायच्या आत घराला डिस्टेंपर मारून तिला चकित करावं. मला सुट्टी होती. शिडी माझी, खाली अंथरायला जुनी चादर माझी आणि फुकटचा उत्साहही माझाच. पुंजा दुपारपाळीला जाताना बजावून गेला, "धनराजभाऊ, सैपाकघराला हात लावू नका, ते मी आल्यावर बघतो."

मी लावला. बारा वर्षं डोळ्यांत खुपलेला तो पो मी रंग खरवडायच्या पत्रीनं काढला, खाली पडलेला ढीग केराच्या डब्यात भरला, संध्याकाळच्या घंटागाडीत ओतला आणि भिंतीवर आकाशी रंगाचे दोन हात मारले. काय सुंदर दिसत होती भिंत! पुंजानं पाहिलं आणि तो मटकन शिडीच्या पायरीवर बसला. तरी मला काही समजलं नाही. मला वाटलं, थकला असेल.

भागीबाई तिसऱ्या दिवशी आली. भाऊ वाळू यानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं. आईच्या हातचा पो असलेली मातीची भिंत जेसीबीनं ढिगाऱ्यात गेली होती, आणि वाळू आता दुकानातलं पाकिटाचं बी लावत होता. एसटीत बसल्यापासून ती एकच म्हणत आली होती, असू दे, माझ्याकडं हाय. मग ती स्वयंपाकघरात गेली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुणी काढलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणालो. "फार घाण दिसत होतं."

तिनं आकाशी भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि पाठ करून बसली. पुढचे चार दिवस वरून पाण्याचा एक थेंब पडला नाही. माझे शर्ट आयुष्यात इतके स्वच्छ वाळले नव्हते आणि मला ते घालवत नव्हते. लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही.

पाचव्या दिवशी आशा ओरडली, "ती रंगाची चादर माळ्यावरून काढा, मी काही धुणार नाही!" चादर! पो खरवडला तो तिच्यावरच पडला होता. मी तिची घडी देवाच्या वस्त्रासारखी उचलून गॅलरीत आणली, उलगडली आणि मांडी घालून बसलो. घडीघडीतून शेणाचा भुगा निघाला. तो चिमटी-चिमटीनं चाळला. दोन तासांनी तीन बिया मिळाल्या. एक अर्धी तुटलेली, दोन पत्रीनं खरचटलेल्या, वर डिस्टेंपरचे शिंतोडे.

तळहातावर घेऊन वर गेलो. भागीबाईनं त्या उजेडाला धरून पाहिल्या.

"साल फुटलंय," ती म्हणाली. "पावसाळ्यापातूर टिकायच्या नाय. आताच रुजवाया लागतील."

"मग रुजवा ना, वहिनी."

"म्या? तुम्ही काढल्या, तुम्हीच रुजवा. तुमचा टीव्ही मोठा हाय, ऊब बी मोठी."

आणि तिनं तो कान तुटलेला कप माझ्या हातात दिला.

तिनं सांगितलं तसं बी ओल्या फडक्यात गुंडाळून मी टीव्हीवर ठेवलं. त्या वर्षी भारनियमन जोरात. दिवसातले कितीतरी तास वीज नसे आणि टीव्ही मुडद्यासारखा गार पडे. मग ती पुरचुंडी मी स्वेटरच्या आत कंबरेला बांधून शाळेत नेऊ लागलो. दर अर्ध्या तासानं पोट चाचपायचो. मुख्याध्यापकांनी काळजीनं विचारलं, "धनराज, हर्निया का?" मी हो म्हणालो. बी रुजवतोय म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

रोज सकाळी भागीबाई खाली यायची, फडकं उघडून बघायची, "हूं" म्हणायची आणि चहा न घेता जायची. तुटकी बी कुजली. मग दुसरी कुजली. उरली एक. टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू असताना मी टीव्हीच्या वर बघत बसायचो. नवव्या दिवशी त्या एका बीला पांढरं शेपूट फुटलं. मी अनवाणी जिना चढून गेलो आणि "वहिनी, आलं! आलं!" असा ओरडलो की तिसऱ्या मजल्यावरचे लोक पेढ्यांची चौकशी करायला खाली आले.

अशा रीतीनं माझ्या घरात माती आली. गॅलरीतल्या तेलाच्या डब्यातून वेल निघाला आणि सुतळीवरून वर भागीबाईच्या कठड्याला जाऊन भिडला. फेब्रुवारीत फुलं आली. नराचं फूल मादीच्या फुलाला कसं लावायचं ते तिनं शिकवलं आणि माझी धांदल बघून म्हणाली, "शाळंत येवढी कागदं करता, येवढं येत नाय?" एक काकडी धरली. एकच. ती आम्ही खायची नव्हती, पिवळी होऊन तडकेपर्यंत वेलावर ठेवायची होती. मी तिला माझ्या जुन्या बनियनची झोळी बांधली. कॉलनीतली माणसं येता-जाता तिची तब्येत विचारायची.

एप्रिलच्या शेवटी भागीबाईनं ती आमच्या ओट्यावर कापली. आंबट, जून, दातात अडकणारी फोड. आम्ही सालासकट खाल्ली. तिनं एक फोड नाकाशी धरली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आईच्या घराचा वास हाय," ती म्हणाली. मी उगाच ओटा पुसायला लागलो.

मग तिनं बी धुतलं, शेणात-राखेत कालवलं, त्यातलं निम्मं वर घेऊन गेली. मला वाटलं, राहिलेलंही न्यायला येईल. ती आली, उरलेला गोळा उचलला आणि माझ्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, पिवळ्या भिंतीवर सप्पकन थापला.

"अहो वहिनी, इथं?"

"निम्मं इथं ऱ्हाईल," ती हात पुसत म्हणाली. "एकाच घरात ठिवायचं नसतं."

ज्यानं घालवलं त्याच्याच भिंतीवर. मी इतक्या भरवशाच्या लायकीचा नव्हतो, पण हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

गेल्या वर्षी आम्ही घराला रंग दिला. रंगारी टीव्हीवरच्या त्या वाळक्या पोच्या जवळ आला, पत्री सरसावली आणि म्हणाला, "साहेब, ही घाण खरवडून घेतो." मी खुर्चीवरून असा उठलो की चहा सांडला. पत्री त्याच्या हातातून काढून घेतली आणि काम संपेपर्यंत खिशात ठेवली. भिंत आता हिरवी आहे. मधला भाकरीएवढा तुकडा तेवढा जुना पिवळा आणि त्यावर शेण. पाहुणे विचारतात, तेव्हा मी सांगतो, ते वरच्या भागीबाईच्या आईचं आहे, आम्ही सांभाळतो.