आत्या प्रमुख पाहुणी झाली तेव्हा

आत्याचा मुलगा फ्रान्समध्ये नोकरीला लागला तेव्हा आमच्या सगळ्या मुकुटबन गावाला वाटलं की तो पॅरिसात राहतो. प्रत्यक्षात तो एका खेड्यात राहतो. पॅरिसहून आधी रेल्वे, मग मोटार, आणि दोन्ही बाजूंना नुसती शेतं. गावात एक चर्च, एक बेकरी, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत्याने पोचल्या पोचल्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काय रे, सात समुद्र ओलांडून आला अन् पुन्हा खेड्यातच राह्यला?"

मी आत्याची भाची. घाटंजीला शाळेत शिकवते. आत्याला एकटीला विमानात बसवायची कोणाची हिंमत नव्हती. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, बैलजोडी सोडून कुठे जायला तयार नव्हते. म्हणून सोबत माझी रवानगी झाली. आत्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ती एके काळी मुकुटबनची सरपंच होती. पद केव्हाच गेलं, पण सवय गेली नाही.

आतेभावाने आम्हाला काय काय दाखवायचं ते ठरवून ठेवलं होतं. सुरुवात किल्ल्यापासून झाली. चांगला भक्कम दगडी किल्ला, भोवती खंदक. वरच्या मजल्यावर भिंतीबाहेर लोंबकळणारी एक दगडी खोली होती. आतेभाऊ म्हणाला, "हा त्या काळचा संडास."

आत्या वाकून भोकातून खाली बघायला लागली. "म्हणजे सगळं खाली खंदकात?"

"हो."

"अन् शत्रू कुठून येत होते?"

"खालूनच, खंदकातून."

"मंग बरोबर बांधला," आत्या म्हणाली, आणि किल्ल्यातलं दुसरं काहीही तिला तितकं पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मक्याचं शेत. तिकडे मक्यात मुद्दाम वाकड्यातिकड्या वाटा कापून भूलभुलैया करतात. लोक तिकीट काढून आत शिरतात, हरवतात, हसतात आणि तासाभराने बाहेर येतात. आत्याला हे समजावून सांगता सांगता आतेभावाची दमछाक झाली.

"वाट चुकाले पैसे?"

"गंमत असते, आई."

"आपल्या गावच्या लोकाइले सांगजो नको. ते आपलं वावर उखडून ठेवतीन."

आत गेल्यावर दोन वळणांतच आम्ही चुकलो. एका कोपऱ्यावर एक फ्रेंच कुटुंब उभं होतं, ढकलगाडीत बाळ, बाप नकाशा उलटासुलटा करत होता. आत्याने एकदा सूर्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि वाट सोडून सरळ सरीत घुसली. आयुष्यभर कपाशीच्या तासांतून चाललेली बाई, तिला वाट कोण शिकवणार? मी तिच्या मागे. माझ्या मागे आतेभाऊ, "आई, असं चालत नाही इथं!" असं ओरडत. त्याच्या मागे ते फ्रेंच कुटुंब, ढकलगाडीसकट.

बाहेर पडलो ते थेट मालकाच्या पुढ्यात. आत्याच्या हातात मोडलेली दोन कणसं. मालकाने फ्रेंचमधून रागवायला सुरुवात केली. आत्याने वऱ्हाडीतून. तो कणसांकडे बोट दाखवत होता. ती कणसाचा दाणा नखाने टोचून त्याला दाखवत होती, "हे काय माणसाच्या खायाचं आहे का? ढोराचा मका आहे हा! भाजाचं कसं?" दोघांचाही आवाज सारखाच चढला आणि सारखाच उतरला. शेवटी दोघांनी माना डोलावल्या आणि ती कणसं त्याने तिलाच दिली. काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी स्मारक पाहायचं होतं. पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे सैनिक तिकडे नेऊन लढवले होते. त्यांतले बरेचसे तिथल्याच मातीत गेले. त्या भागातल्या एका गावाने त्यांच्यासाठी दगडी भिंत बांधून तीवर नावं कोरली आहेत. स्मारकाला जायचं म्हणून आत्याने बुद्धपौर्णिमेला नेसते ती पांढरी, निळ्या काठाची साडी काढली. आता वाटतं, सगळा घोटाळा त्या साडीने केला.

गावात शिरलो तर गाड्याच गाड्या. आतेभाऊ म्हणाला, "तुम्ही उतरा, मी गाडी लावून येतो." आम्ही चर्चच्या बाजूने चालत गेलो. स्मारकापाशी गर्दी होती. बँडवाले होते, झेंडे घेतलेले म्हातारे होते, शाळेची मुलं रांगेत उभी होती. मधोमध छातीवर तिरंगी पट्टा घातलेले एक गोल चेहऱ्याचे गृहस्थ. ते तिथले महापौर, म्हणजे आपल्या हिशेबाने सरपंच. त्यांनी पांढऱ्या साडीतली आत्या पाहिली आणि दोन्ही हात पसरून धावतच आले. बरंच काही बोलले.

"जय भीम," आत्या म्हणाली.

"झे बीम!" महापौर म्हणाले आणि तिला हाताला धरून पहिल्या रांगेत घेऊन गेले. खुर्चीवर कागद चिकटवलेला होता, त्यावर भारताचं नाव. मी इंग्रजीत म्हटलं, आम्ही ते पाहुणे नाही, आम्ही नुसत्या बघायला आलो आहोत. महापौरांचं इंग्रजी "वेलकम"वर सुरू होऊन तिथेच संपत होतं.

"आत्या, उठ. हे लोक आपल्याले दुसरंच कोणी समजून राह्यले."

"काहून? खुर्चीवर काय लिहिलं आहे?"

"भारत."

"मंग आपण काय नेपाळहून आलो?"

बँड वाजायला लागला. एका मुलीने आत्याच्या हातात पुष्पचक्र दिलं. आत्या शांतपणे उठली, पुढे गेली, चक्र ठेवलं, त्याची मुडपलेली फीत सरळ केली. मग भिंतीवरची नावं पाहत ती उभी राहिली. अक्षरं रोमन होती, तिला वाचता येईनात. तिने चपला काढल्या, हात जोडले आणि मोठ्याने त्रिसरण-पंचशील म्हणायला लागली. बँडमास्तरने हात वर केला तो तसाच ठेवला. मीही चपला काढून तिच्या मागे म्हणायला लागले. दोन मिनिटं मी खरंच विसरले की आम्ही भलत्याच कोणाच्या जागी उभ्या आहोत.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण महापौरांनी माईक पुढे केला, आणि माईक पाहिला की आत्याच्या अंगात येतं.

"आदरणीय सरपंच साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, अन् जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो! मी मुकुटबनहून आली. हे जे पोट्टे इथं मेले, त्याइले इथची भाषा येत नव्हती, इथची थंडी माहीत नव्हती. तुम्ही त्याइचे नावं पुसू देले नाही, हे तुमचे लय उपकार आहेत. पण एक गोष्ट बोलून दाखवते, राग मानू नका. त्या चर्चच्या बाजूची नाली पुरी तुंबून राह्यली. मी येता येता पाह्यली. साफ करा, नाही त गावात डेंगू होईन. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. डेंगू या शब्दापाशी पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे पुसले. मी आतेभावाला शोधत होते. तो गर्दीच्या पार मागे, मोठ्या ढोलाच्या आड उभा होता. आपल्याला फ्रेंच येतं हे कोणाला कळू नये, एवढीच त्याची धडपड होती.

तेवढ्यात एक मोटार येऊन थांबली. सुटाबुटातले, घामाघूम झालेले एक भारतीय साहेब हातात फुलं घेऊन उतरले. तेच खरे पाहुणे. अरुंद रस्त्यावर बीट भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे ते अडकले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत आत्या. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी.

आत्याने सरकून शेजारची खुर्ची थोपटली. "या, या, बसा. उशीर होतेच कार्यक्रमात. मी सुरू करून देला."

साहेब दक्षिणेकडचे होते, त्यांना शब्दही कळला नाही, पण ते बसले. नंतर त्यांनीही भाषण केलं. चांगलं होतं. टाळ्या बेताच्या पडल्या.

दुपारी नगरपालिकेत जेवण होतं. मी साहेबांना सगळा प्रकार सांगून माफी मागितली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, राहू द्या, कोणाला काही सांगू नका. पण महापौरांना पाहुणीच्या भाषणाचा अर्थ हवा होता. आतेभाऊ गाडीतच बसून राहिला होता, म्हणून मी इंग्रजीत सांगायचं, साहेबांनी फ्रेंचमध्ये. मी उपकारापर्यंत नीट सांगितलं आणि थांबले. आत्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"नालीचं सांगितलं काय व?"

सांगावं लागलं. महापौरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका हडकुळ्या माणसाकडे बोट दाखवलं आणि हातवारे करून खूप वेळ बोलले. तो हडकुळा माणूसही उठून बोलायला लागला.

"विरोधक काम होऊ देत नाही म्हणते न?" आत्याने मला विचारलं.

मी साहेबांना विचारलं. ते चाट पडले. "अगदी हेच म्हणताहेत."

आत्याने महापौरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळीकडं तेच आहे, बाप्पा," ती म्हणाली, आणि ताटातलं वास मारणारं चीज हळूच उचलून माझ्या ताटात सरकवलं.

परतताना आतेभाऊ गाडी चालवत होता. पुढच्या वर्षी आपल्याला या भागातून बदली मागावी लागेल, एवढंच एकदा म्हणाला. आत्या बराच वेळ बाहेरची कापलेली शेतं पाहत होती.

"त्या नावांत आपल्या इकडचं कोणी होतं काय व?" तिने विचारलं.

"माहीत नाही, आत्या. मी सगळी नावं नाही वाचली."

"वाचाची होती न."

थोड्या वेळाने तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी आतेभाऊ आम्हाला जुनी चित्रं असलेली एक गुहा दाखवणार होता. सकाळी उठून त्याने सांगितलं की गुहा आज बंद आहे. उघडी होती की बंद, आम्ही काही विचारलं नाही. दिवसभर घरी बसून आत्याने त्याच्यासाठी सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबीर भरलेल्या वड्या, केल्या. कोथिंबीर तिथे बारीकशा कुंडीत मिळते. ती अख्खी कुंडी संपली.