वाड्यावर राहणारी

माझी चुलती खोटं बोलत नाही. एवढंच बोलते की ऐकणाऱ्याचा चुकीचा समज होईल, आणि मग पदर सावरून देवाचं नाव घेते. तिच्यावरचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. घोटावड्यात आमचं घर आणि चुलतीचं घर एका भिंतीला लागून. मी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायचे, दिवसभर डेटा एन्ट्री करायचे. त्यातून सुटायचा एकच रस्ता होता, सॉफ्टवेअर टेस्टिंगची परीक्षा. तिची फी नेटवर भरायची, तीही फक्त क्रेडिट कार्डानं, आणि कार्डावर परीक्षा देणाऱ्याचंच नाव पाहिजे. मार्चची परीक्षा हुकली की वर्ष गेलं.

पहिला अर्ज मी कंपनीच्या गेटवर छत्री लावून बसलेल्या टायवाल्या पोरांकडे केला होता. फॉर्म भरला की एक बॅग फुकट. बॅग मिळाली, कार्ड काही आलं नाही. बँकेचा माणूस पत्ता तपासायला आला तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं. आईवडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ताम्हिणीचा घाट उतरलेले, मी ऑफिसात. त्यानं शेजारी विचारलं. चुलती म्हणाली, "बगा की तुमीच, कुलूप हाय. हितं कोन दिसतंय का?" झालं, अर्ज फेटाळला. हे तिनंच नळावर हसत हसत सांगितलं, म्हणून मला कळलं.

पोटात का दुखत होतं तिच्या, तेही सांगते. घोटावड्यात जागेचे भाव चढत होते. आमचं घर 'बंद असतंय' हे चार लोकांच्या तोंडी बसलं की भिंत पाडून आत शिरायला ती मोकळी.

दुसऱ्यांदा अर्ज कसा करायचा यावर ऑफिसात पंचायतच बसली. छत्रीवाल्यांकडे पुन्हा नको. नेटवरून केला तरी माणूस घरी येणारच. फिक्स डिपॉझिटवर कार्ड मिळायचं, पण डिपॉझिट कुठलं! लातूरची एक मैत्रीण कोथरूडला भाड्यानं राहायची. ती म्हणाली, "अगं, माझा पत्ता टाक, रूममेट म्हणून सांगते मी. कशाला डोक्याला ताप?"

खरं तर तिचं ऐकायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. माझ्या बापाच्या घराचा पत्ता मी का लपवू? पगाराचं खातं होतं त्या बँकेच्या शाखेत जाऊन मी अर्ज दिला आणि पत्ता घातला घोटावड्याचाच. म्हटलं, बघूच, या वेळी काय बोलते ही बया. एका अर्जात कार्डही पाहिजे होतं आणि तिची जिरवायचीही होती.

आठवडाभरानं ऑफिसात फोन आला. तपासणीचा पोरगा, बोलण्यावरून पेठेतला.

"मॅडम, घर बंद होतं. पण शेजारच्या मावशी म्हणाल्या, त्या कुठल्या इथं, ते सगळे वाड्यावर असतात. म्हणजे वाडासुद्धा आहे का आपला?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्यात वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम. रानात जाळी ठोकायची, बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर, आज इथं, उद्या तिथं. चुलतीला म्हणायचं होतं, ही भटकी माणसं, यांना कसला पत्ता! आणि मग एकदम लक्षात आलं, या पोराला वाडा म्हटल्यावर दिंडी दरवाजा दिसतोय.

"हो, आहे ना," मी म्हटलं. "मी घोटावड्यातच राहते, दिवसा ऑफिसात असते. वाड्यावर आईवडील असतात."

"मालकीचा?"

"वडिलांच्या मालकीचा."

"कुठे येतो?"

"सध्या कोकणात."

"कोकणात! राखणीला कोणी?"

"कुत्री आहेत. एक घोडी आहे."

"घोडी?" पोरगा गारच पडला. एक अक्षर खोटं बोलले नाही मी. बोलायची ही रीत चुलतीचीच.

कार्ड आलं, आणि त्याच दिवशी मी फी भरली. पण तेवढ्यानं माझं समाधान होणार होतं होय? संक्रांतीचं हळदीकुंकू चुलतीच्याच घरी होतं. आळीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. मी वाकून पाया पडले आणि मोठ्यांदा म्हटलं, "काकी, तुमी वाड्याचं सांगितलं म्हनून माजं काम झालं बगा. बँकवाल्याला वाटलं, आमी वाडेवाले सरदार हाय!"

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. एकजण म्हणाली, "करायला गेली गनपती अन् झाला मारुती!" चुलतीचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. मग ती हळूच म्हणाली, "पास झालीस की पुन्याला जाशीलच की."

म्हणजे अजूनही नजर घरावरच.

पास झाले, पुण्यालाही गेले. बँक सारखी विचारते, पत्ता बदलायचा का, बिल ईमेलवर पाठवू का. मी नाही म्हणते. दर महिन्याला कुरिअरवाला घोटावड्यात जातो, कुलूप बघतो आणि चुलतीचं दार वाजवतो. पाकीट तिला सही करून घ्यावं लागतं. त्यावर माझं नाव असतं आणि खाली घराचा पत्ता. आई म्हणते, "म्हातारी झाली गं ती, आता सोड." मी सोडत नाही. भिंत अजून उभी आहे.